दशपर्णी अर्क : पाला तोडण्यापासून भाजीवर फवारण्यापर्यंत, आम्ही करतो तसं

दशपर्णी म्हणजे दहा झाडांचा पाला आंबवून केलेला, किडीसाठी फवारायचा अर्क, त्याचं प्रमाण आता कुठंही मिळतं, मोबाईलवर आहे, कृषी विभागाच्या घडीपत्रिकेत आहे, गावात दोघा-तिघांना तरी तोंडपाठ असतं. तरीपण बरेच जण एकदा अर्क मारून बघतात आणि म्हणतात की काही फरक पडला नाही बाई, शेवटी दुकानातलंच आणावं लागलं. मला याचं फार वाईट वाटतं कारण अर्क खराब नसतो, तो मारायची वेळ चुकलेली असते, नाहीतर पानाच्या वरूनच शिंपडून माणूस मोकळा झालेला असतो. आमचं तीस गुंठ्यांत वांगी, मिरची, कोबी, थोडी भेंडी आणि काकडी असतं, माल आठवडे बाजारात स्वतः बसून विकते, त्यामुळं काय मारलं आणि कधी मारलं हे गिऱ्हाईक तोंडावर विचारतं. म्हणून जे स्वतः करतेय तेच सगळं लिहितेय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, हा अर्क म्हणजे फवारलं आणि संध्याकाळी किडी मरून पडल्या असं औषध नाही. कडुनिंबात अझाडिरेक्टिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं किडीची भूक मरते, आणि अळी मोठी होताना जी कात टाकते ते कात टाकणंच अडतं, मग ती पुढच्या अवस्थेत जात नाही. बाकीच्या पाल्यांचा वास उग्र आणि चव कडू, त्यामुळं किडीला पान खावंसं वाटत नाही आणि अंडी घालायलाही ती टाळते. म्हणजे फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी पानावर जिवंत दिसणार, घाबरायचं नाही. मी कोबीच्या पानावर विष्ठा बघते, ओली हिरवी दिसली तर अळी अजून खातेय, वाळून काळी पडलेली असेल आणि नवीन नसेल तर खाणं थांबलंय. हा फरक दिसायला तीन-चार दिवस जातात. आणि हे सगळं लहान अळीवर चालतं, बोटाएवढी झालेली अळी अर्कानं हटत नाही, ती हातानं वेचायची.

आता पाला. २०० लिटरच्या निळ्या ड्रमसाठी कडुनिंबाचा पाला ५ किलो, आणि बाकीचे नऊ प्रत्येकी २ किलो : निर्गुडी, घाणेरी (आमच्याकडं टणटणी म्हणतात), करंज, सीताफळ, एरंड, पपई, गुळवेल, रुई आणि कण्हेर. याच्याबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा २ किलो, लसूण पाव किलो ठेचून, गाईचं शेण ३ किलो, गोमूत्र ५ लिटर. हे सगळीकडं सांगतात ते मूळ प्रमाण झालं. मी भाजीपाल्यासाठी यातली कण्हेर काढून टाकलीय आणि तिच्या जागी झेंडूचा पाला घालते. कण्हेरीचं झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी, थेट हृदयावर परिणाम करतं, आणि आपण ज्यावर फवारतो ते लोक पुढं कोशिंबिरीत कच्चं खातात. कापूस-तुरीवर कुणी वापरत असेल तर त्याचा तो विचार, पण काकडीवर मला ते पटत नाही. धोतऱ्याचंही तसंच, कुणी सांगितलं तरी भाजीसाठी घालू नका. आणि दहाच्या दहा पाले मिळाले नाहीत म्हणून अडून बसू नका, सहा-सात मिळाले तरी करा, फक्त कडुनिंब, निर्गुडी, करंज आणि सीताफळ हे चार सोडू नका.

निर्गुडीबद्दल थोडं सांगते कारण मला ती सगळ्यात आवडते. ओढ्याच्या कडेला उगवते, एका देठाला तीन नाहीतर पाच लांबट पानं, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी, चुरगाळलं की वास डोक्यात जातो. आमच्या आत्या गहू भरताना कणगीत थरावर थर निर्गुडीचा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकायच्या, पोरकिडा लागत नव्हता. म्हणजे हे ज्ञान घरात होतंच, फक्त कणगीतलं शेतात आणायचं.

पाला तोडताना कोवळा शेंडा नको आणि पिवळं पडलेलं जून पानही नको, मधलं भरलेलं पान घ्या. रस्त्याकडेचा धुळीनं माखलेला पाला आणला तर आधी धुवा. रुई तोडताना मात्र फार सांभाळून, तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसायला धूसर होतं, डॉक्टरकडंच पळावं लागतं. हातमोजे घालायचे आणि काम होईपर्यंत तोंडाला हात लावायचा नाही. सीताफळाच्या बियांचंही तेच, काही जण बियांची पूड अर्कात घालतात, ती पूड डोळ्याला फार वाईट, मी फक्त पाला घेते.

पाला विळ्यानं बारीक कापायचा, नाहीतर कडबा कुट्टी मशीनमधून काढायचा. मशीनमधून काढलात तर नंतर ते नीट धुवून काढा, रुई-एरंडाचे तुकडे पात्यांत अडकलेले राहतात आणि त्याच्यात मग जनावराचा चारा कापला जातो. एवढी एक गोष्ट विसरू नका.

ड्रम सावलीत ठेवायचा, झाडाखाली किंवा गोठ्याच्या पडवीत. आधी निम्मं पाणी, त्यात शेण आणि गोमूत्र कालवून घ्यायचं, मग पाला, मग ठेचा आणि लसूण, आणि वरून पाणी घालत ड्रम एक वीत रिकामा राहील एवढंच भरायचं. गळ्यापर्यंत भरला तर आंबताना फेस येऊन निम्मं बाहेर सांडतं. वर गोणपाट बांधायचं, घट्ट झाकण लावायचं नाही, आत वायू तयार होतो त्याला वाट पाहिजे. मग एक महिना रोज दोन ते तीन वेळा लाकडी काठीनं ढवळायचं. ढवळणं म्हणजे वरवर काठी फिरवणं नाही, तळाचा पाला वर आला पाहिजे आणि वरचा खाली गेला पाहिजे, नाहीतर वरचा थर वाळून त्याच्यावर बुरशी धरते आणि आळ्या पडतात. पहिले आठ-दहा दिवस वास असा येतो की घरातले ओरडतात, पोरं नाक धरून लांबून जातात. मग हळूहळू तो शेणाचा वास मागं पडून एक आंबट-कडवट वास पुढं येतो, पाल्याचा हिरवा रंग जाऊन पाणी काळपट तपकिरी होतं, पान दोन बोटांत धरलं तर चिखलासारखं विरघळतं आणि नुसत्या शिरा हातात राहतात. शिरा राहिल्या की अर्क झाला असं मी समजते. उन्हाळ्यात हे थोडं आधी होतं, थंडीत महिन्याच्या वर पाच-सात दिवस लागतात.

गाळणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि तिथंच लोक घाई करतात. मी पण पहिल्या वर्षी केली, गोणपाटातून एकदा गाळलं आणि पंपात ओतलं, अर्ध्या सरीतच नोजल बंद, काढून फुंकर मारून साफ केलं की चार झाडं पुढं गेल्यावर परत बंद, पूर्ण दिवस त्यात गेला आणि वांग्याच्या मागच्या ओळी तशाच राहिल्या. आता आधी गोणपाटातून आणि मग जुन्या सुती साडीची दुहेरी घडी करून तिच्यातून गाळते, एक रात्र तसंच ठेवते, खाली गाळ बसला की वरचं पाणी कॅनमध्ये काढते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये सावलीत ठेवलं तर सहा महिने चालतं. कॅनवर तारीख लिहा, आणि ठळक अक्षरात विष म्हणूनही लिहा, घरात काळपट पाण्याचा कॅन असला की कुणालाही काय आहे ते कळत नाही.

महिनाभर थांबायला वेळ नाही आणि मावा तर आजच दिसतोय, अशा वेळी नुसत्या कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क करता येतो. १ किलो हिरव्या पाल्याला ५ लिटर पाणी हे माप. पाला रात्रभर भिजत घालायचा, सकाळी पाट्यावर नाहीतर मिक्सरला वाटून गाळायचा, आणि हा पाणी न घालता तसाच फवारायचा. म्हणजे १५ लिटरच्या एका पंपाला ३ किलो पाला लागतो. हा साठवून ठेवायचा नाही, त्याच दिवशी संपवायचा. पाल्यापेक्षा निंबोळीत अझाडिरेक्टिन कितीतरी जास्त असतं, म्हणून मे-जूनमध्ये झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो तेव्हा आळस न करता गोळा करा, पाऊस लागून काळ्या पडायच्या आत. गर धुवून सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये भरल्या तर बुरशी येते. ५ किलो निंबोळीचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, एकूण १०० लिटर पाणी केलं की ५ टक्के निंबोळी अर्क तयार होतो. मी दशपर्णी आणि निंबोळी अर्क आलटून पालटून मारते, एक आठवडा हे एक आठवडा ते.

फवारायच्या आधी रानात फिरायचं, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. आठवड्यातून दोनदा सकाळी, वाकून, पान उलटं करून बघायचं. पांढरी माशी, तुडतुडे, मावा, लाल कोळी हे सगळे पानाच्या खाली बसतात, वरून रान हिरवंगार दिसतं आणि खाली वस्ती झालेली असते. झाडावर मुंगळ्यांची ये-जा वाढली की समजा वर मावा आहे, कारण त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात, आणि त्याच चिकट्यावर मग काळी काजळी धरते. मिरचीचं पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं असेल तर बहुतेक फुलकिडे, आणि कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं झालं असेल तर कोळी, दोघांनाही लोक सरसकट बोकड्या म्हणतात. कोबीवर एक बारीक हिरवी अळी असते, तिला हात लावला की जोरात वळवळते आणि धाग्यानं खाली लोंबकळते, ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. ती एवढी बारीक असतानाच अर्क मारला तर उपयोग होतो, गड्डा पोखरायला लागल्यावर नाही. आणि ढालकिडे, म्हणजे ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले गोल किडे, भरपूर दिसत असतील आणि मावा थोडाच असेल तर मी दोन-तीन दिवस काहीच मारत नाही, ते आणि त्यांची पिल्लं मावा खाऊन साफ करतात. त्यांची पिल्लं बघून ठेवा, काळपट, सुसरीसारखी दिसतात, लोक कीड समजून चिरडतात.

मात्रा म्हणाल तर एकरी २०० लिटर पाण्याला ५ ते ६ लिटर अर्क, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साधारण ४०० मिली. रोपं लहान असतील तर २५० वरच थांबा. त्यात साबण पाहिजेच, कारण कोबी आणि कांद्याच्या पातीवरून थेंब घरंगळून खाली जातो, पान मेणचट असतं. पंपाला २५-३० ग्रॅम साधा साबण कोमट पाण्यात वेगळा विरघळवून घाला, पण ब्लीचवाली पावडर नको. बोअरचं पाणी खारं असेल तर साबण फेसाळतच नाही, वर नुसत्या पांढऱ्या गुठळ्या तरंगतात, तिथं रिठा वापरा, आठ-दहा रिठे तांब्याभर पाण्यात रात्री भिजवायचे आणि सकाळी चोळून फेस गाळून घ्यायचा. नवीन ड्रमचा अर्क पहिल्यांदा कधीच सगळ्या रानात मारू नका, चार झाडांवर मारून दोन दिवस बघा. दोन वर्षांपूर्वी पाहुणे यायचे म्हणून मी घाईनं भर दुपारी काकडीवर मारला होता आणि तोही जास्त दाट, तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या, वेल वाचले पण तो बहर गेला. काकडी, दोडका, कारलं यांची पानं नाजूक, त्यांना कमी मात्रा.

वेळ संध्याकाळचीच, साडेचार-पाचनंतर. उन्हात अझाडिरेक्टिन लवकर निकामी होतं, शिवाय सकाळी फुलांवर मधमाश्या असतात आणि काकडीवर्गीय पिकाला त्या नसतील तर फळच धरत नाही. रात्रभर अर्क पानावर राहतो आणि बऱ्याच अळ्या रात्रीच खायला बाहेर येतात, ते दोन्ही जमून येतं. नोजल वर करून पानाच्या खालून फवारा, हात थोडा दुखतो पण तिथंच सगळा खेळ आहे. पाऊस आला तर धुऊन जातो, पुन्हा मारावा लागतो. नाहीतर दर सात-आठ दिवसांनी, रोप लावून दोन आठवडे झाले की सुरू करायचं, कीड दिसायची वाट बघायची नाही. ट्रायकोडर्मा, व्हर्टिसिलियम असलं काही, म्हणजे उपयोगी बुरशीचं जैविक औषध, मारणार असाल तर अर्काबरोबर एका पंपात कालवू नका, मी मध्ये चार-पाच दिवस जाऊ देते.

आणि जे अर्कानं होत नाही ते पण स्पष्ट सांगते. वांग्याची शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की बाहेरून काहीही मारा, तिला लागत नाही, तिथं मान टाकलेला शेंडा दिसला की तो रोज खुडून पिशवीत भरून बाहेर नेऊन जाळायचा किंवा पुरायचा, बांधावर टाकायचा नाही, आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारे, लावायचे. दोडक्या-कारल्याच्या फळमाशीला क्यू ल्युरचे, म्हणजे नर माशीला वासानं ओढणारे सापळे. भेंडीवर केवडा आला, पान पिवळं जाळीदार झालं, तो विषाणू आहे, ते झाड बरं होत नाही, उपटून टाका. अर्काचा उपयोग त्याच्या आधी, तो रोग पसरवणारी पांढरी माशी कमी ठेवायला, सोबत पिवळे चिकट सापळे. आणि एखाद्या वर्षी ढगाळ हवामानात कीड हाताबाहेर गेलीच तर कृषी विज्ञान केंद्रात झाड घेऊन जा आणि विचारून जे लागेल ते करा, पूर्ण पीक घालवून बसण्यात काही अर्थ नाही.

झाडपाल्याचं आहे म्हणून उघड्या अंगानं मारायचं हे मात्र बिलकुल चालणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, ती रासायनिक औषधं होती हे खरं, पण तोंडाला फडकं न बांधता, वाऱ्याच्या विरुद्ध चालत फवारायची सवय तीच आहे आणि ती सवय सगळीकडं आहे. मिरचीचा ठेचा असलेला अर्क डोळ्यात गेला तर काय होतं विचार करा. चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि वाऱ्याच्या दिशेनंच चालायचं. गरोदर बाईनं आणि लहान पोरांनी त्या दिवशी रानात यायचं नाही, आमच्याकडं हा नियम आहे.

यात शेण-गोमूत्र असल्यानं तोडणीचं भान ठेवा. मी फवारणीनंतर आठवडाभर तोडा करत नाही, म्हणून तोडा झाला की त्याच संध्याकाळी फवारते. मेथी, पालक, कोथिंबीर अशा पालेभाज्यांवर दशपर्णी मारतच नाही, फार तर रोप लहान असताना निंबोळी अर्क. गच्चीवर किंवा परसात कुंड्या असतील तर सगळ्याचं दहावं माप घ्या, २० लिटरची बादली, कडुनिंब अर्धा किलो, बाकी पाले २००-२०० ग्रॅम, ठेचा २०० ग्रॅम, लसूण २५ ग्रॅम, शेण ३०० ग्रॅम, गोमूत्र अर्धा लिटर. शेजाऱ्यांना वासाचं आधी सांगून ठेवा, आणि तेवढंही जमत नसेल तर कडुनिंबाचा पाला भिजवून केलेला अर्क कुंड्यांना पुरतो.

गाळून राहिलेला चोथा वाया जात नाही, आम्ही तो शेणखताच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढतो. उघडा ठेवू नका, शेळ्या फिरत फिरत येतात आणि वासाला न घाबरता त्यात तोंड घालतात.